लाल रकाना

जोखीम नोंदवही भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या सोमवारच्या बैठकीला मी वीस मिनिटं उशिरा पोचले. आमच्या कार्यालयात नको असलेलं काम जो हजर नसेल त्याच्या नावावर पडतं. मी खुर्ची ओढून बसत होते तेवढ्यात उपअभियंता साहेब म्हणाले, "या मॅडम, तुमच्यासाठी एक राखून ठेवलंय," आणि त्यांनी परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं.

मी कनिष्ठ अभियंता. वसईच्या खाडीकाठी भरतीचं खारं पाणी शेतांत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले आहेत, आणि बांधांत ठिकठिकाणी उघाड्या आहेत. उघाडी म्हणजे बांधातून आरपार काढलेली दगडी मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. वीज नाही, यंत्र नाही. नायगाव ते जूचंद्र या पट्ट्यातल्या सात उघाड्या माझ्याकडे होत्या. जूचंद्र माझं माहेर. ज्या बांधाची मी कागदावर देखभाल करत होते, त्याच बांधावरून लहानपणी मी शेतात भाकरी घेऊन जायचे.

परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक उपविभागाने आपल्यापुढच्या संभाव्य धोक्यांची नोंदवही करावी. मोठा धोका लाल, मधला पिवळा, किरकोळ हिरवा. प्रत्येकापुढे उपाय, जबाबदार माणूस आणि मुदत. खरं सांगते, मला ते वाचून बरं वाटलं. नोकरीची अकरा वर्षं मी घडून गेलेल्या गोष्टींचे अहवाल लिहीत आले होते. घडायच्या आधी लिहा, असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

साहेबांनी मात्र शेजारच्या उपविभागाची भरलेली नोंदवही मागवून ठेवली होती. फक्त नाव बदला म्हणाले. मी ती चाळली. आग, भूकंप, संगणक बंद पडणे, कागदपत्रांना वाळवी लागणे, कार्यालयात साप निघणे. ते कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. नंतर कळलं की त्यांनीही ती दुसऱ्या कुणाकडून आणली होती आणि साप तिथूनच आला होता. सगळ्या ओळी हिरव्या, दोन पिवळ्या. उघाडी हा शब्द कुठेच नाही.

मी म्हटलं, दोन दिवस द्या, मी बांधावर जाऊन येते. साहेब म्हणाले, जा, पण गुरुवारी जावक झालं पाहिजे.

बांधावर आमचा एक राखणदार होता. पन्नाशी उलटलेला, मिठागरात उन्हातान्हात राबून काळाठिक्कर पडलेला माणूस. कंत्राटी नेमणूक, दर अकरा महिन्यांनी नवी. त्याचा बाप हेच काम करायचा, पण तेव्हा बांध गावाचा होता. दर घरातून एक माणूस फावडं घेऊन यायचा. पुढे बांध सरकारचा झाला आणि फावडी घरी राहिली. तो माझ्या वडिलांना ओळखत होता, म्हणून चारचौघांत मला मॅडम म्हणायचा आणि एकटी असले की बाय.

मी त्याला विचारलं, सातांपैकी कुठली उघाडी तुम्हाला बरी वाटत नाही. ओहोटीची वेळ होती. तो मला तिसऱ्या उघाडीपाशी घेऊन गेला, चिखलात उतरला आणि हातातली पहार झडपेवर आपटली. आवाज बोदा आला, भिजलेल्या गादीवर काठी मारावी तसा. मग पहारीचं टोक त्याने फळीला लावून नुसतं दाबलं. ते चार बोटं आत गेलं.

"किड्यान खाल्लाय आतनं," तो म्हणाला. "वरून बघशील तर डांबर लावल्यावानी काळी कुळकुळीत. आत कायच नाय. या पौर्निमेला टिकंल. पुढच्या उधानाला मी नाय सांगू शकत."

झडपेच्या बाजूला बांधाच्या मातीत खेकड्यांनी बिळं केली होती. त्यातून ओहोटीतही पाणी झिरपत होतं. मी विचारलं, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं का. त्याने बोटं मोजली. माझ्या आधीच्या तिघांना. एकाने वहीत लिहून घेतलं होतं, एकाने फोटो काढला होता. तिसऱ्याने त्याला विचारलं होतं की तू इंजिनिअर आहेस का.

मी कार्यालयात परतले आणि नोंदवहीत पहिलीच ओळ ती लिहिली. उघाडी क्रमांक तीन, झडप कुजलेली, बांधाला झिरपा, मोठ्या उधाणात फुटण्याचा संभव, मागे एवढी भातशेती आणि नव्या इमारती. उपाय, झडप बदलणे आणि बांधाला माती-दगडाची भर. जबाबदार व्यक्ती, उपअभियंता. मुदत, पावसाळ्यापूर्वी. रंग लाल. बाकीच्या ओळी शेजारच्या नोंदवहीतल्याच उतरवल्या, सापासकट.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी मला एक शब्द न विचारता रजा दिली होती. त्यांनी दार लोटून घेतलं, मला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं. लाल ओळ थेट जिल्ह्याच्या आढावा बैठकीत जाते. तिथे पहिला प्रश्न येतो, हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे. दुसरा प्रश्न, मग आजवर काय केलंत. दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही. झडप बदलायचा प्रस्ताव दोन वर्षं वर पडून आहे, तो त्यांनीच पाठवला होता. वर विचारायची सोय नाही.

"मॅडम, धोका ज्याने लिहिला त्याच्या गळ्यात पडतो," ते म्हणाले. "न लिहिणाऱ्याच्या नाही. एवढी वर्षं नोकरी करून हे मी सांगायला हवं का?"

मी म्हटलं, पण साहेब, ती झडप खरंच जाणार आहे. पहार आत गेली माझ्यासमोर.

त्यांनी समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाले, "तुमच्या काकांची जमीन तिसऱ्या उघाडीच्याच मागे आहे ना?"

आवाजात आरोप नव्हता. काळजीच होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. उद्या कुणी म्हणेल, सात उघाड्यांतली नेमकी हीच लाल का, तर घरची जमीन. माझ्याकडे याला उत्तर होतं. बाकीच्या सहा मी पाहिल्या होत्या, पहार त्यांवरही मारली होती. पण कुठल्या बैठकीत हे मी कसं सिद्ध करणार होते? मला एकदम लाज वाटल्यासारखं झालं, काही न करता. मी जागेवर आले आणि लाल रंग पिवळा केला. 'फुटण्याचा संभव' खोडून 'दुरुस्तीची आवश्यकता भासू शकते' असं लिहिलं. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात 'संबंधित' असा शब्द घातला. हे सगळं मी केलं, माझ्या हाताने, साहेबांनी फक्त दार लोटलं होतं. आज लोकांना व्यवस्थेबद्दल चार शब्द सुनावताना ही गोष्ट मी सोडून देत नाही.

आढावा बैठकीला मी साहेबांबरोबर गेले. सगळ्या नोंदवह्या पडद्यावर आल्या. हिरव्या, हिरव्या, मधूनच पिवळी. फक्त एका तालुक्याच्या अभियंत्याने एका पुलाला लाल लावलं होतं. त्याला उभं करून पाऊण तास झापलं. पूल धोक्याचा असेल तर अजून वाहतूक चालू कशी, बंद केली असेल तर कुणाला विचारून केली, आणि हे एवढ्या उशिरा का कळवताय. तो पोरगेलासा अभियंता रुमालाने मान पुसत होता. खाली बसला तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच परत ठेवला. खोलीतल्या प्रत्येकाने तेवढ्या वेळात जे शिकायचं ते शिकून घेतलं. पुढच्या तिमाहीला त्याची नोंदवही हिरवीगार होती, असं कानावर आलं.

आमच्या नोंदवहीला 'समाधानकारक' शेरा मिळाला.

श्रावणातल्या पौर्णिमेनंतरचं उधाण होतं. आमच्याकडे मोठ्या उधाणाची भरती दुपारी बाराच्या पुढे माथ्यावर येते. सकाळी साडेदहाला राखणदाराचा फोन आला. झडपेची खालची फळी गेली, आता पाणी आत यायला लागलंय, अजून दोन तास चढणार. मी साहेबांच्या खोलीकडे धावले. ते वरच्या कार्यालयाबरोबर व्हिडिओ बैठकीत होते. विषय कोणता होता ते मी नंतर पाहिलं. आपत्ती पूर्वतयारी. मी चिठ्ठी आत पाठवली. जेसीबी मागवायला त्यांची सही लागते. चिठ्ठी आतून परत आली, मागे लिहिलं होतं, पंधरा मिनिटं.

मी थांबले नाही. नायगावहून रिक्षा केली, पण पाणी रस्त्यावर आलं होतं तिथून पुढे चालतच गेले. पोचले तेव्हा गावची वीस-पंचवीस माणसं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून टाकत होती. टाकलेली गोणी पाण्यात फिरायची आणि आतल्या बाजूला निघून जायची. राखणदार कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून ओरडून सांगत होता, इथं नको, खालच्या अंगाला टाका. पावणेबाराच्या सुमारास झडप चौकटीसकट सुटली. मग बाजूचा बांध खेकड्यांच्या बिळांच्या रेषेने चिरत गेला आणि बघता बघता दोन पुरुष रुंद खांड पडली. सगळे मागे पळाले. आवाज फार मोठा झाला नाही, हे मला नेहमी आठवतं. गढूळ पाणी लावणी झालेल्या खाचरांत पसरत गेलं आणि कोवळी रोपं आडवी होत गेली.

काका बांधावर उभे होते. फावडं खांद्यावर, लुंगी मांडीपर्यंत ओली. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला म्हाईत होता?"

"हो," मी म्हटलं.

"कदीपासून?"

"फाल्गुनापासून."

त्यांनी मान हलवली, फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर मला काही तरी बोलता आलं असतं, प्रस्ताव कसा अडकला, बैठकीत काय होतं, सगळं. जेसीबी दुपारी दोन वाजता आला, ओहोटी लागल्यावर. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन एका पावसात धुऊन निघत नाही. दोन-तीन वर्षं तरी भात नीट उतरत नाही. पुढच्या बाजूच्या नव्या सोसायटीच्या तळघरात गाड्या बुडाल्या, त्यांची छायाचित्रं संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर होती. खाचरांची कुणी काढली नाहीत.

चौकशी झाली. वरून दोन अधिकारी आले, बांधावर बूट न भिजवता उभे राहिले आणि मग कार्यालयात येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, या धोक्याची नोंदवहीत नोंद होती का. होती. पिवळी ओळ त्यांना दाखवली. दोघांनाही हायसं वाटलेलं मला दिसलं. अहवालात वाक्य आलं, 'जोखमीची पूर्वनोंद आढळून आली, यंत्रणेबाबत आक्षेप निरंक.' निरंक म्हणजे काहीच नाही. आमच्या कार्यालयांत हा शब्द दिवसाला शंभर वेळा लिहिला जातो, पण त्या दिवशी मी तो वाचला आणि मला टेबलावरचं काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. नोंद होती म्हणून कुणाचं काही चुकलं नाही. मग खांड पडली कशी? त्यालाही अहवालात उत्तर होतं. राखणदाराने निष्काळजीपणा केला. उघाडीच्या स्थितीबाबत त्याने लेखी कळवल्याचं आढळत नाही.

त्याला लिहिता येत नव्हतं. सही करायचा, तेवढीच.

कारणे दाखवा नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला. वाचून दाखव म्हणाला. मी वाचली. त्याने शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हंजे मी सांगितला नाय असा?"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं. मला सांगितलं. आणि त्याचं उत्तर मी लिहिलं. त्यात स्पष्ट लिहिलं की त्याने अमुक महिन्यात प्रत्यक्ष जागेवर पहार घालून कुजकी झडप दाखवली, मी प्रथम लाल नोंद केली आणि नंतर ती पिवळी केली. साहेब म्हणाले, हे देऊ नका, तुमच्या सेवापुस्तकात राहील. मी दिलं. मोठं शौर्य म्हणून सांगत नाही. काकांच्या खळ्यातून जाताना मला मान खाली घालावी लागत होती, ती एकदा तरी वर करायची होती. पुढे मला ताकीद मिळाली, 'नोंदीत हेतुपुरस्सर बदल' या सदराखाली. राखणदाराची नोटीस रद्द झाली नाही आणि पुढेही गेली नाही, विचाराधीन राहिली. साहेबांची त्यांच्या विनंतीनुसार बदली झाली.

त्यांच्या जागी आले ते सोलापूरकडचे. सगळी नोकरी कोरड्या मुलखात गेलेली. पहिल्याच दिवशी आम्ही बैठकीसाठी वह्या घेऊन बसलो तर ते म्हणाले, इथे नको, बांधावर जाऊ. तिथे राखणदारासमोर, आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितलं, "मला भरती-ओहोटी कळत नाही. आमच्याकडे नदीलाच पाणी नसतं. तुम्ही शिकवा."

राखणदाराने माझ्याकडे पाहिलं, हे खरं विचारतायत की थट्टा करतायत अशा अर्थाने. मी मान हलवली. मग दीड तास तो बोलत होता आणि साहेब चपला हातात घेऊन त्याच्या मागून चिखलात फिरत होते. परत येताना ते मला म्हणाले की तुमच्या ताकिदीची फाइल मी वाचली आहे. तेवढंच. मला वाटलं आता पुढे काही उपदेश येईल, पण ते गाडीच्या खिडकीतून मिठागरं बघत बसले.

त्यांनी जे केलं ते सांगायला बसलं तर फार थोडं आहे. नोंदवहीतल्या बत्तीस ओळींतल्या सत्तावीस त्यांनी काढून टाकल्या, साप सुद्धा. उरलेल्या पाचांपुढे 'संबंधित' हा शब्द खोडून माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहिला. दोन ठिकाणी स्वतःचं लिहिलं. उधाणाच्या दिवसांत जेसीबी मागवायची आगाऊ लेखी परवानगी त्यांनी मला देऊन ठेवली, कागद मागाहून करा म्हणाले. दर अमावास्या-पौर्णिमेच्या तीन दिवस आधी राखणदाराने त्यांना थेट फोन करायचा, मधे कुणी नाही. आणि सोमवारच्या बैठकीत ते स्वतःपासून सुरुवात करायचे, या आठवड्यात माझं काय चुकलं. पहिल्या दोन बैठकांत आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. साहेबाने स्वतःची चूक सांगितली तर हसायचं की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत आमच्या एका सहकाऱ्याने घसा खाकरून सांगितलं की मागच्या महिन्यात मी रजेवर असताना पाचव्या उघाडीचा पाहणी अहवाल त्याने घरी बसून लिहिला होता, तो तिथे गेलाच नव्हता. मला तो पुलावाला पोरगेलासा अभियंता आठवला. साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता ओहोटी किती वाजता आहे?" आणि त्याला घेऊन निघाले. पाचव्या उघाडीची बिजागरी गंजून अर्धी झाली होती. अहवालात 'सुस्थितीत' होती.

तिसऱ्या उघाडीला खांड बुजवतानाच नवी झडप बसली होती; त्या वर्षी पाचवीची बिजागरी आणि झडपही एका ओहोटीत बदलली. राखणदार, दोन सुतार, आम्ही तिघं. सकाळी सात वाजता पाणी उतरायला लागलं आणि दुपारी अडीचला नवी झडप पहिल्या भरतीने स्वतःहून मिटली. राखणदाराने नारळ फोडला. श्रावणातलं उधाण आदल्या वर्षीपेक्षा मोठं होतं. मी छत्री घेऊन बांधावर उभी होते. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं, अर्धा तास तसंच राहिलं आणि उतरलं. काही झालं नाही. मागच्या खाचरांत एक बाई तण काढत होती, तिने वर सुद्धा पाहिलं नाही.

मला त्या दिवशी कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? काही झालं नाही, एवढंच. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही, छायाचित्र निघत नाही. आढावा बैठकीत त्याचं पान नसतं. उलट आमच्या उपविभागात जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त लाल ओळी होत्या, तीन. साहेबांना विचारण्यात आलं, तुमच्याकडेच एवढे धोके कसे. ते म्हणाले, धोके सगळीकडे आहेत, आमच्याकडे ते सांगितले जातात. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर होते. वरिष्ठांनी पुढच्या उपविभागाचं नाव पुकारलं.

चौदा महिन्यांनी त्यांची बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव, असं आदेशात होतं. कुणी सूड घेतला असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर निदान कुणाला तरी त्यांच्या कामाची दखल घ्यावीशी वाटली असं म्हणता आलं असतं. यादीत त्यांचं नाव आलं, एवढंच. जाताना त्यांनी पाच ओळींचा कागद नव्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवला. नवे आले, टेबल बदललं.

त्या एका वर्षात काय वेगळं होतं, याचा मी खूप विचार केला आहे. पैसा जास्त मिळाला नव्हता, माणसं तीच होती, परिपत्रकही तेच होतं. वाईट बातमी आणणाऱ्याला खुर्ची दिली जात होती, आणि जो निर्णय बांधावर घ्यायचा तो बांधावर घेता येत होता. एवढंच मला सापडतं. आणि एवढं एका माणसाच्या स्वभावावर टांगलेलं असेल, तर तो माणूस गेला की ते पण जाणार, याची मला आजही चीड येते. आम्ही सगळे तेव्हा खूश होतो, पण त्यातलं काही पक्कं करून ठेवावं, वरून नियम करून घ्यावा, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मला सुद्धा.

आता नोंदवही ऑनलाइन आहे. रंग यादीतून निवडायचा असतो. हिरवा निवडला तर लगेच जमा होतो. लाल निवडला की वरिष्ठांच्या फोनवर ओटीपी जातो आणि तो त्यांनी सांगितल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. राखणदाराचं कंत्राट संपलं, काम एका एजन्सीकडे गेलं. एजन्सीचा माणूस रोज सकाळी उघाडीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो पाठवतो. भला माणूस आहे, मराठवाड्यातून आलाय. पाण्याला तो भितो, आणि भरती कधी आहे हे मी त्याला फोन करून सांगते.

मागच्या महिन्यात सहाव्या उघाडीच्या दगडी बाजूला तडा दिसला. मी लाल निवडला. ओटीपीसाठी साहेबांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, जरा थांबा, पिवळ्यात बसत नाही का बघा. मी म्हटलं, नाही बसत, आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी दोन फोन केले, चहा मागवला, एका फाइलीवर सही केली. मी हलले नाही. शेवटी त्यांनी आकडे सांगितले, माझ्याकडे न बघता. ओळ जमा झाली. स्थिती, प्रलंबित. अजून तेच आहे. मी रोज बघते.

परवा काकांकडे गेले होते. खारवलेलं शेत त्यांनी दोन वर्षं पावसाच्या पाण्याने धुऊन पाहिलं, गेल्या साली चौथा हिस्सा भात आलं. मी त्यांना विचारलं, यंदा राब भाजला नाहीत का. राब म्हणजे रोपांसाठी भाजून तयार केलेला जमिनीचा तुकडा. ज्येष्ठ लागला तरी तो कोरा दिसत होता. काका ओटीवर जाळं विणत बसले होते. म्हणाले की शेजारच्यांनी भरावाला जमीन दिली, आता पाणी त्यांच्या भरावाला अडतं आणि आपल्यात साचतं, तेव्हा नुसत्या उघाडीच्या भरवशावर बी कोण टाकणार.

मी म्हटलं, सहाव्या उघाडीचं मी लिहिलंय, या वेळी लाल लिहिलंय.

"मंग?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं, प्रलंबित आहे.

त्यांनी जाळ्याची गाठ दातांनी घट्ट केली आणि काकूला आत हाक मारली, पोरीला चहा ठेव म्हणून.